नव्वद टक्के काच

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.४०
आजपासून रोजनिशी. कारण आज इतिहास सुरू झाला आणि त्याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. मोठ्या साहेबांवर भरवसा नाही. ते स्वतःचं पेनसुद्धा रोज दुसऱ्याकडून शोधून घेतात.

घटना अशी. अग्निशमन दलाने आमच्या कारखान्याचे साठ व्हायझर परत पाठवले. (व्हायझर म्हणजे हेल्मेटच्या पुढे असतो तो पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. मला माहीत आहे. पण उद्या ही वही संग्रहालयात गेली तर?) तक्रार अशी की दोन महिन्यांत ओरखडे पडून समोरचं दिसेनासं होतं. साहेबांनी मला आणि नव्या मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ओरखडा पडणार नाही असं कोटिंग तयार करा. चोवीस एप्रिलला दलाचे अधिकारी येतील, त्यांच्यासमोर दाखवायचं. दोघं मिळून करा. ऑगस्टमध्ये मी रिटायर होतोय, हेही म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटलं. दुसऱ्यांदा थोपटताना माझ्याकडे बघितलं.

'दोघं मिळून' हे बोलायची पद्धत म्हणून. मॅडमना नोकरीला लागून सात महिने झालेत. मी एकवीस वर्षं तपासणी विभागात बसून ओरखडे बघतोय. ओरखडा नखाचा, बोल्टचा की बेफिकिरीचा, हे मी लांबून सांगतो. खुर्ची कोणाची, हे उघड आहे.

५ मार्च, मंगळवार
संकल्प:
पहाटे पाचला उठणे. एक तास रसायनशास्त्राचं वाचन. चहा कमी. मॅडमशी प्रेमाने वागणे, पण काही सांगायचं नाही.

७.४० ला उठलो. गजर वाजला होता असं बायको म्हणते. मी ऐकला नाही म्हणजे वाजला नाही.

७ मार्च, गुरुवार. दुपारी
मॅडमनी फळ्यावर समजावलं. नको म्हटलं तरी. आपलं प्लास्टिक असं की हातोडा मारला तरी फुटत नाही, पण नखाने खरवडलं तरी रेघ उठते. (बायकोच्या मते हेच वर्णन मला लागू पडतं.) म्हणून त्यावर हायब्रिड कोटिंग. म्हणजे एकाच द्रावणात काचेचा अंशही आणि प्लास्टिकचा अंशही. काच कडकपणा देते, प्लास्टिक लवचिकपणा. व्हायझर त्यात बुडवायचा, सावकाश वर काढायचा, ओव्हनमध्ये भाजायचा. केसापेक्षा बारीक थर बसतो.

मी विचारलं, काच किती? म्हणाल्या, चाळीसच्या आसपास धरून बघू. आणि द्रावण चोवीस तास मुरू द्यायचं. आणि आधी प्रायमर, म्हणजे चिकटण्यासाठी एक अस्तर.

मी मनात हसलो. कडकपणा काचेमुळे येतो, तर चाळीस टक्केच का? नव्वद टाका! अस्तर कशाला? शर्टाला अस्तर नसतं. आणि चोवीस तास मुरवणं ही चैन. मी स्वतः जेवणानंतर वीस मिनिटं पडतो. पुरतात.

११ मार्च, सोमवार. दुपारी ४.००
माझ्या फॉर्म्युल्याचा पहिला तुकडा ओव्हनमधून बाहेर. पेन्सिल टेस्ट केली, म्हणजे कडक शिशाच्या पेन्सिलीने खरवडून बघायचं. रेघ नाही! मॅडमच्या तुकड्यावर पुसटशी उठली. माझ्या नाही. शिट्टी वाजवली. तीन टेबलांवरून लोकांनी बघितलं.

४.१५
चिकटपट्टीची टेस्ट. ब्लेडने बारीक चौकटी पाडायच्या, पट्टी दाबून लावायची आणि खस्सकन ओढायची. कोटिंग जागेवर राहायला हवं. माझं सगळं पट्टीबरोबर निघून आलं, दुधावरून साय उचलावी तसं. मात्र पट्टीवर ते फार छान चिकटलं होतं.

निष्कर्ष: पट्टी गरजेपेक्षा जास्त चिकट आहे. स्टोअरकडे कमी चिकट पट्टीची मागणी दिली. स्टोअरकीपरने 'कारण' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, संशोधन.

१४ मार्च, गुरुवार
दुसरा लॉट. आता थर जाड दिला, म्हणजे निघायची हिंमत होणार नाही. गार होताना तडे गेले. कोळ्याच्या जाळ्यासारखे. मॅडम म्हणाल्या, सर, काच जास्त झाली की असंच होतं, प्लास्टिक तापून फुगतं आणि काच फुगत नाही. मी म्हटलं, हे मला अपेक्षितच होतं. त्यांनी विचारलं, मग केलंत का? काही लोकांना प्रश्न कुठे थांबवावेत हे कळत नाही.

जाळी दिसायला वाईट नाही. बाथरूमच्या खिडकीसाठी विकता येईल. साहेबांना सुचवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बहुधा प्रभावित.

१८ मार्च, सोमवार
अग्निशमन दलाचे अधिकारी आधीच एकदा येऊन गेले. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. ओरखडे पडलेला एक व्हायझर सोबत आणला होता. तो डोळ्यांपुढे धरून म्हणाले, दिव्याकडे बघा. बघितलं. दिवा दिसलाच नाही, नुसता पांढरा झगझगाट. म्हणाले, धुरात टॉर्च लावली की हे असंच होतं. माझ्या माणसाला पुढचा जिना दिसेना, म्हणून त्याने व्हायझर वर केला. दोन सेकंद. तेवढ्यात वाफ आली. गाल आणि पापणी. चाळीस दिवस अंथरुणात होता. डोळा वाचला.

मॅडमनी वहीत 'दोन सेकंद' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मलाही वाईट वाटलं. खूपच. संकल्प: आता खुर्चीसाठी नाही, त्या माणसासाठी काम करायचं. (खुर्ची मिळाली तर अजून जोमाने करता येईल, हा मुद्दा वेगळा.)

२३ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.१०
कारखान्यात माझ्या प्रतिभेला मोकळीक नाही. म्हणून द्रावणाची छोटी बाटली घरी आणली. प्रयोगासाठी सासऱ्यांचा चष्मा घेतला. सासरे आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता दिवसभर आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला नावं ठेवतात. भिंगं प्लास्टिकची. त्यांना सांगितलं, आयुष्यभर ओरखडा पडणार नाही. म्हणाले, कोणाच्या आयुष्यभर, माझ्या की चष्म्याच्या?

भिंगं दोऱ्याला बांधून चहाच्या ग्लासात बुडवली. स्वयंपाकघरातच वाळवली, बायकोच्या हेअर ड्रायरने. शेजारी कुकर शिट्ट्या देत होता. वातावरण उत्साहाचं.

६.५०
भिंगं पांढरी झाली. पूर्ण. दह्यासारखी. कुकरच्या वाफेमुळे असणार. बायकोला म्हटलं, शास्त्रीय काम चालू असताना वरण लावायचं नसतं. ती म्हणाली, स्वयंपाकघरात वरणच लावतात.

सासऱ्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, जावईबापू, आज तुम्ही बरे दिसताय.

२४ मार्च, रविवार
सासरे जुना, एका काडीचा चष्मा वापरतायत. डोकं तिरकं ठेवून पेपर वाचतात आणि दर पानाला उसासा टाकतात. बायकोने हेअर ड्रायर कपाटात कुलूपबंद केला. या घरात विज्ञानाला भवितव्य नाही.

२ एप्रिल, मंगळवार. दुपारी ३.२०
तीन लॉट बिघडले. प्लास्टिकचे चाचणीचे तुकडे संपले. नवीन उद्या येतील असं स्टोअर म्हणतं, पण प्रतिभा उद्यापर्यंत थांबत नाही. मॅडमच्या टेबलाच्या खालच्या खणात पाच तुकडे मिळाले. त्याच मापाचे. खणावर 'R' असं लिहिलेलं. R म्हणजे रेडी, उघडच आहे. खरंच रेडी होते. प्लास्टिकच्या तुकड्यांवर पातळ संरक्षक फिल्म असते ती सोलावी लागते, यांच्यावर फिल्मच नव्हती. मॅडम काम व्यवस्थित करतात, हे कबूल केलं पाहिजे.

पाचही बुडवले. नव्वद टक्के. अस्तर नाही. वीस मिनिटं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ एप्रिल, बुधवार. सकाळी १०.०५
निकाल, क्रमाने:
पेन्सिल: रेघ नाही.
चिकटपट्टी, तीही जुनी, जास्त चिकट: एक चौकट हलली नाही.
तडे: नाहीत.
स्टील वूल, म्हणजे भांड्याच्या तारेची नाजूक बहीण, शंभर वेळा घासली: काही नाही. मग चिडून माझ्या घराच्या किल्लीने खरवडलं. किल्ली झिजली.
धूसरपणा मोजायच्या मीटरवर इतका कमी आकडा आला की मीटर बिघडल्याची शंका आली. पुन्हा मोजलं. मीटर ठीक आहे. मीच थोर आहे.

१०.४०
साहेबांना दाखवलं. त्यांनीही किल्ली लावून बघितली. खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. उठताना खुर्ची थोडी माझ्या बाजूला सरकली.

५ एप्रिल, शुक्रवार
मॅडमनी विचारलं, सर, कसं जमवलंत? मला खरंच शिकायचंय. मी म्हटलं, अनुभव. त्यांनी तुकडा बघायला मागितला. दिला नाही, कपाटात ठेवलाय. त्या चाळीस टक्क्यांवरून पंचेचाळीसवर आल्यात. मुरवतात, अस्तर लावतात, पुन्हा मोजतात, वहीत लिहितात. मेहनती मुलगी आहे. मी साहेब झालो की तिला चांगली संधी देईन.

निरीक्षण: तुकडा हातात जड लागतो. कोटिंगचं वजन. आणि गार लागतो. कडकपणाचं लक्षण.

७ एप्रिल, रविवार. सकाळी
तुकडा घरी आणला, बायकोला दाखवायला. ती म्हणाली, छान आहे, वर डाग पाडू नका, मी टीपॉय पुसलाय. सासऱ्यांनी हात पुढे केला. तुकडा ओठाला लावला, मग समोरच्या दातांवर हलकेच टकटक केलं. म्हणाले, जावईबापू, ही काच आहे.

मी समजावलं की यात काचेचा अंश नव्वद टक्के आहे, त्यामुळे तसा भास होतो. ते म्हणाले, भास दाताला होत नाही. चाळीस वर्षं घड्याळांच्या काचा लावल्यात. प्लास्टिक दातावर मुकं वाजतं, काच टण्ण करते.

वाद घातला नाही. बिचाऱ्यांना एका काडीच्या चष्म्यातून काय दिसणार!

१५ एप्रिल, सोमवार
एक किरकोळ अडचण. तेच द्रावण प्रत्यक्ष व्हायझरवर लावलं की पुन्हा तडे जातात आणि पुन्हा साय निघते. कारण शोधलं: व्हायझरचा आकार. तो वाकडा आहे. माझं कोटिंग सरळमार्गी आहे. दिवसभर हे वाक्य मनात घोळवलं. प्रात्यक्षिकात सपाट तुकडाच दाखवणार. आकार हा डिझाइनवाल्यांचा प्रश्न.

संकल्प: भाषणाची तालीम. आरशासमोर. बायको नसताना.

२४ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.००
निळा शर्ट. भाषण खिशात. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, खाली पाडू नका म्हणजे झालं. काय ही नकारात्मक वृत्ती.

दुपारी १.३०
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

अधिकारी आले. मी बोललो. छान बोललो. किल्ली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी खरवडलं. रेघ नाही. ते 'वा' म्हणाले. साहेब माझ्याकडे बघून हसले. इथे थांबायला हवं होतं. पण अधिकारी म्हणाले, आणि आघात? तेव्हा मी म्हटलं, आमचं प्लास्टिक कशानेही फुटत नाही. आम्ही लोखंडी गोळी वरून सोडून बघतो, ती नेहमीच्या उंचीवरून सोडतात. मी म्हटलं, दुप्पट उंचीवरून सोडा. खुर्चीवर चढून स्वतःच सोडली.

टण्ण.

तुकडे चारही दिशांना. एक साहेबांच्या चहात. नशिबाने सगळ्यांनी गॉगल घातले होते, तेही मॅडमनी आग्रहाने दिलेले. गोळी घरंगळत भिंतीपाशी गेली. मग अधिकाऱ्यांनी जमिनीवरचा एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, प्लास्टिक असं फुटतं?

मी खुर्चीवरच उभा होतो.

मॅडमनी त्यांचा व्हायझर आणला. खरा, वाकडा. किल्ली लावली, रेघ नाही. गोळी सोडली, तीही मी म्हणालो त्या उंचीवरून. गोळी उडून कोपऱ्यात गेली. व्हायझर तसाच. अधिकाऱ्यांनी तो डोळ्यांपुढे धरला. म्हणाले, ओरखड्यांचं झालं. पण हे बारीक ठिपके? धुरात माझा माणूस ठिपक्याकडेच बघत बसेल. हे घालवा, जूनमध्ये येतो.

२५ एप्रिल, गुरुवार
रजा. ताप. बायकोने थर्मामीटर लावला. यंत्रांवर माझा विश्वास उरलेला नाही.

२७ एप्रिल, शनिवार
फुटलेले तुकडे रुमालात बांधून आणले होते. आज उन्हात एकेक करून भिंगाखाली तपासले. एकावरही ओरखडा नाही. याची कुठेही नोंद होणार नाही, म्हणून इथे करतो.

२९ एप्रिल, सोमवार
मॅडमकडे गेलो. R म्हणजे काय, विचारलं. म्हणाल्या, रेफरन्स. मीटर तपासायला साध्या काचेच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. मी म्हटलं, पाच कमी झाल्या ते तुम्हाला कळलं नाही? म्हणाल्या, कळलं ना, तीन तारखेलाच. मला वाटलं, सर तुलना करायला घेऊन गेले. काच आणि प्लास्टिक यांत तुमची गल्लत होईल, हे मनातसुद्धा आलं नाही. एकवीस वर्षं झाली तुम्हाला.

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उत्तर देऊ शकलो असतो.

दुपारी साहेब म्हणाले, आता मॅडमच्या हाताखाली काम करा. केबिनमधून बाहेर आलो आणि जेवायचा डबा तिथेच विसरलो. परत आत जायची हिंमत झाली नाही. उपाशी.

६ मे, सोमवार
ठिपके. शंभर व्हायझर बुडवले की एकतीसवर ठिपके. मॅडमना ते मीटरवर सापडतात, मला नुसते दिसतात. आज त्यांनी विचारलं, सर, कशाचे असतील? पहिल्यांदाच कोणीतरी मला एकवीस वर्षांतलं काही विचारलं. मी लगेच म्हणालो, हवा. मग घरी येईपर्यंत विचार केला आणि कळलं की मला माहीत नाही.

७ मे, मंगळवार
त्यांना सांगितलं, मला माहीत नाही. आश्चर्य म्हणजे काही झालं नाही. त्या म्हणाल्या, मग बघू या.

१६ मे, गुरुवार
सापडलं! ठिपका भिंगाखाली धरला, आत बारीक कुरळा धागा. रंग फिकट निळा. हवा नाही, पाणी नाही. आपण बुडवायच्या आधी ज्या फडक्याने पुसतो, त्या फडक्याचा. आणि थोडे माझ्या बाहीचे. मॅडमनी नवीन फडकी मागवली, धागा न सोडणारी. पण त्यानेही कोणी घाईत पुसलं की कड राहून जाते. दिवसभर एकेक व्हायझर मी स्वतः पुसला. वरून खाली, एकाच दिशेने, कडेला न थांबता. शंभरात चार ठिपके.

(संशोधन म्हणतात ते हेच. मॅडमना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, हो, हेच. मला वाटलं होतं त्या हसतील.)

१० जून, सोमवार
शंभरात एक. उजवा खांदा दुखतो. बायकोने शेक दिला. सासरे म्हणाले, हात हलका ठेवा, मनगटातून फिरवा, घड्याळाची काच अशीच पुसतात. करून बघितलं. दुखणं कमी. त्यांना नवीन चष्मा आणून दिला. कोटिंग दुकानदारानेच केलेलं.

२१ जून, शुक्रवार. संध्याकाळी ५.३०
साठ व्हायझर गेले. अधिकारी स्वतः न्यायला आले होते. दोन आठवड्यांपूर्वी नमुन्याचे सहा नेले होते, त्यांनी धुराच्या सरावात वापरले. म्हणाले, सहापैकी एकानेही पडदा वर केला नाही. एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

मग साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ऑगस्टपासून विभाग मॅडम बघतील. टाळ्या. मी पण वाजवल्या. सुरुवात मीच केली असं म्हणता येईल, बाजूच्याचा हात एक क्षण आधी लागला असेल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे नेमकं केलं कोणी? सगळ्यांनी मॅडमकडे बोट दाखवलं. मॅडमनी माझ्याकडे दाखवलं. म्हणाल्या, फॉर्म्युला माझा, पण ठिपके सरांनी घालवले. अधिकारी माझ्याकडे वळले. एप्रिल त्यांना आठवत होता, चेहऱ्यावर दिसलंच. तरी हात पुढे केला आणि विचारलं, तुम्ही नक्की काय करता?

भाषण तयार होतं. पृष्ठभाग, शुद्धीकरण, एकवीस वर्षं, सगळं. तोंड उघडलं आणि म्हणालो, पुसतो.

त्यांनी एक व्हायझर उचलला, डोळ्यांपुढे धरला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. म्हणाले, स्वच्छ दिसताय.